पेट्रोल अडलं कुठे?

पावसाळाभर आडोशाला उभी राहिलेली जुनी गाडी नेमकी गणेश चवथीच्या आठवड्यात हटून बसते, हा गोव्यातल्या पेडणे आणि डिचोली तालुक्यांतल्या अनेक घरांचा अनुभव. गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या माटोळीचं सामान आणायला म्हापशाचा बाजार गाठायचा असतो, मुंबईहून येणाऱ्या मंडळींना थिवीच्या स्थानकावरून घरी आणायचं असतं आणि गाडी मात्र दारातून हलत नाही. सेल्फ मारला की इंजिन गरगर फिरतं, पण पेट घेत नाही. मग सल्ले सुरू होतात. एक म्हणतो कार्बोरेटर गेला, दुसरा म्हणतो पंप बदला, तिसरा म्हणतो पेट्रोलच शिळं झालं. तिन्ही सल्ले ऐकले तर खिसा रिकामा होतो. शिवाय खरा दोष टाकीतल्या गंजात असेल, तर नवा पंप आणि साफ केलेला कार्बोरेटर असूनही गाडी आठवडाभरात पुन्हा तिथेच येऊन थांबते.

टाकीपासून इंजिनापर्यंत पेट्रोलची एक ठरलेली वाट असते. ती एका टोकापासून क्रमाने तपासत गेलं तर बहुतेक बिघाड साध्या हत्यारांनी, कधी कधी नुसत्या नाकाने आणि कानाने सापडतात. क्रम सोडला की चांगले भाग बदलले जातात आणि बिघडलेला भाग जागच्या जागी राहतो.

हळर्णची हवा, टाकीतलं पाणी

हळर्णचं उदाहरण घ्या, पेडणे तालुक्यातलं शापोरा नदीकाठचं हे गाव. नदी, बागायती, डोंगरउतार आणि गोव्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पडणारा पाऊस, असा हा मुलूख. जून ते सप्टेंबर या काळात हवेत कायम ओल असते आणि जुन्या गाडीच्या पत्र्याच्या टाकीला ती बाधते.

टाकी अर्धी रिकामी असली की वरच्या अर्ध्या भागात हवा असते. दिवसा ती तापते, फुगते आणि थोडी बाहेर जाते. रात्री थंड झाली की बाहेरची दमट हवा आत येते. त्या हवेतली वाफ टाकीच्या थंड पत्र्यावर थेंब होऊन जमते. पाणी पेट्रोलपेक्षा जड, त्यामुळे ते ओघळून तळाशी जाऊन बसतं. पेट्रोल ओढणारी नळीही तळाजवळच असते. चार महिन्यांत तिथे पाणी साचतं आणि पत्रा गंजू लागतो. गंजाची बारीक लाल भुकटी पुढे फिल्टरमध्ये आणि तिथून सुटलीच तर कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकात, जाऊन अडकते.

यात इथेनॉलची भर पडली आहे. देशात पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल मिसळण्याचं उद्दिष्ट २०२२ मध्ये गाठलं गेलं, २० टक्के मिश्रणाची विक्री ६ फेब्रुवारी २०२३ रोजी सुरू झाली आणि २०२५ पर्यंत तेच पेट्रोल सर्वत्र पोचलं. इथेनॉल पाणी ओढून घेतं. ठरावीक मर्यादेपर्यंत ते पाणी पेट्रोलमध्ये विरघळून राहतं आणि इंजिनात जळूनही जातं. मर्यादा ओलांडली की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाशी बसतात. अशा गाडीला सेल्फ मारल्यावर पंप जो पहिला घोट ओढतो, तो पेट्रोलचा नसतोच.

हे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. टाकीच्या तळातून किंवा फिल्टरच्या नळीतून थोडं पेट्रोल एका स्वच्छ, पारदर्शक काचेच्या बरणीत घ्यायचं आणि अर्धा तास हलवायचं नाही. तळाशी वेगळा थर किंवा लोळणारे थेंब दिसले तर पाणी आहे. लालसर गाळ असेल तर टाकी गंजते आहे. काळे कण असतील तर आतून रबरी नळी झडते आहे. पेट्रोलला नेहमीच्या झणझणीत वासाऐवजी वार्निशचा आंबूस वास येत असेल तर ते शिळं झालं आहे. एका बरणीतून चार गोष्टी कळतात आणि खर्च काहीच नाही.

इथेनॉल किती आहे हेही घरी पाहता येतं. मापाच्या काचेच्या नळीत १०० मिलिलिटर पेट्रोल घेऊन त्यात १० मिलिलिटर पाणी घालून हलवलं, की इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात उतरतं. तळातला १० मिलिलिटरचा थर वाढून ३० च्या आसपास गेला तर पेट्रोलमध्ये सुमारे २० टक्के इथेनॉल आहे असं समजायचं.

जुन्या गाडीला इथेनॉलने नेमकं काय होतं? एक, जुन्या जातीचं रबर फुगतं, नरम पडतं आणि सुकल्यावर तडकतं. नळ्या, ओरिंग, पंपाचा पडदा, कार्बोरेटरची गॅस्केटं या सगळ्यांना हा त्रास होतो. दोन, वर्षानुवर्षं टाकीत चिकटून बसलेला मळ सुटून पुढे वाहतो. तीन, इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी असल्यामुळे मायलेज घटतं. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालानेच इथेनॉलविरहित पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि १० टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकींमध्ये २० टक्के मिश्रणावर ही घट ६ ते ७ टक्के असेल असा अंदाज दिला होता. तेव्हा मायलेज एवढ्यापुरतं कमी झालं असेल तर त्यासाठी कार्बोरेटर उघडण्याची गरज नाही. घट याच्या दुपटीने असेल तर मात्र दोष शोधायला हवा.

दोन काळांच्या दोन यंत्रणा

गावाकडे अजून चालणाऱ्या जुन्या गाड्यांत मारुती ८०० आणि ओम्नी यांची संख्या मोठी. मारुती ८०० ची पहिली गाडी १४ डिसेंबर १९८३ रोजी ग्राहकाच्या हाती गेली आणि २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. व्हॅन म्हणून १९८४ मध्ये आलेली ओम्नी २०१९ पर्यंत बनत राहिली. दोघींचं इंजिन तेच, ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं. पण १ एप्रिल २००० पासून प्रदूषणाचे नवे नियम देशभर लागू झाले आणि त्या सुमारास मारुती ८०० मध्ये कार्बोरेटरची जागा एमपीएफआय म्हणजे संगणकाच्या हुकमावर पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्शनने घेतली. दोन्ही पद्धतींत पेट्रोलची वाट एकच असली तरी दाब वेगळा असतो. कार्बोरेटरच्या गाडीत पंप इंजिनावर बसवलेला, कॅमशाफ्टच्या धक्क्यावर चालणारा आणि जेमतेम ०.२ ते ०.३ बार दाब देणारा. इंजेक्शनच्या गाडीत पंप टाकीत बुडालेला, विजेवर चालणारा आणि जवळपास दहापट दाबाचा. म्हणून एका यंत्रणेचे उपाय दुसरीला लावायचे नसतात.

आधी ठरवा: पेट्रोल की ठिणगी

गाडी बंद पडली की दोष पेट्रोलचा, हे गृहीत धरण्याआधी ठिणगी तपासावी लागते. चालती गाडी कशी बंद पडली, यातच अर्धं उत्तर असतं. पेट्रोल कमी पडत असेल तर गाडी आधी झटके मारते, पिकअप मरतो, रेस दिली तरी दम धरत नाही आणि हळूहळू विझते. ठिणगी गेली तर चावी फिरवून बंद करावी तशी गाडी एका क्षणात गप्प होते. अर्थात तापल्यावर दगा देणारी कॉइल किंवा जुन्या गाडीतला कंडेन्सर कधी कधी पेट्रोल तुटल्यासारखी लक्षणं दाखवतो, म्हणून खात्री करून घ्यायची.

खात्रीसाठी स्पार्क प्लग काढून पाहायचा. चार-पाच वेळा सेल्फ मारूनही प्लग कोरडा ठणठणीत असेल तर पेट्रोल सिलिंडरपर्यंत आलेलंच नाही. प्लग ओला आणि पेट्रोलचा वास येत असेल तर पेट्रोल येतं आहे. मग ठिणगी नाही, किंवा पेट्रोल गरजेपेक्षा जास्त येऊन इंजिन भरलं आहे. चालत्या गाडीच्या प्लगचा रंगही बोलतो. फिकट तपकिरी असेल तर मिश्रण ठीक. काजळी धरलेला काळा असेल तर पेट्रोल जास्त, हवा कमी. पांढरट, भाजल्यासारखा असेल तर पेट्रोल कमी पडतं आहे किंवा कुठून तरी जास्तीची हवा आत येते आहे.

त्याआधी आणखी एक साधी गोष्ट. जुन्या गाडीचा पेट्रोलचा काटा भरवशाचा नसतो. टाकीतला फ्लोट अडकला की काटा पाव टाकी दाखवतो आणि आत थेंब नसतो. पंपावरून आणलेलं चार-पाच लिटर ताजं पेट्रोल टाकीत ओतून पाहणं ही तपासणीची खरी पहिली पायरी. गावातल्या दुकानात पाण्याच्या बाटलीतून मिळणारं पेट्रोल या कामासाठी नको. ते किती दिवसांचं आणि कशात साठवलेलं, हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही.

टाकीपासून पंपापर्यंत

पहिला टप्पा टाकीच्या झाकणाचा. पेट्रोल जसजसं संपतं तसतशी तेवढी हवा टाकीत शिरली पाहिजे. त्यासाठी झाकणात किंवा वेगळ्या नळीत वाट असते. ती धुळीने, मातीने बुजली की टाकीत पोकळी तयार होते आणि पंपाला पेट्रोल ओढवत नाही. अशी गाडी पंधरा-वीस मिनिटं छान चालते, मग दम तोडते. थोडा वेळ थांबलं की पुन्हा चालू होते. बंद पडल्याबरोबर झाकण उघडून पाहायचं. हवा आत ओढल्याचा सुस्कारा ऐकू आला आणि लगेच गाडी सुरू झाली, तर दोष झाकणाचा. लोक यावर पंप बदलतात.

मग नळ्या. यांत्रिक पंपाच्या गाडीत टाकी ते पंप हा भाग ओढीचा असतो. इथली रबरी नळी तडकली तर पेट्रोल बाहेर गळत नाही, उलट हवा आत शिरते. खाली थेंब नाही, वास नाही, तरी पेट्रोल चढत नाही. पंपाच्या पुढची नळी तडकली तर मात्र पेट्रोल गळतं आणि तेही गरम इंजिनाजवळ, म्हणजे थेट आगीचा धोका. नळी हाताने वाकवून पाहायची. भेगा दिसल्या, चिकट लागली किंवा कडक झाली असेल तर बदलायची. नवी घेताना इथेनॉल सोसणारी मागायची. चांगल्या नळीवर तिचा दर्जा छापलेला असतो, उदाहरणार्थ एसएई जे-३० आर-९.

त्यानंतर फिल्टर. नळीत बसवलेला पारदर्शक प्लॅस्टिकचा फिल्टर स्वस्त आहे आणि त्याच्यावरचा बाण पेट्रोल वाहण्याच्या दिशेने ठेवून दोन मिनिटांत बसतो. पण फिल्टर बदलून काम संपत नाही. जुना फिल्टर फेकण्याआधी त्यातलं पेट्रोल उलट्या दिशेने एका पांढऱ्या फडक्यावर ओतून पाहिलं पाहिजे. फडक्यावर लाल भुकटी पडली आणि नवा फिल्टरही आठ दिवसांत लालसर झाला, तर टाकी उतरवून आतून धुतल्याशिवाय सुटका नाही. हा खर्च टाळण्यासाठी दर महिन्याला फिल्टर बदलत राहणारे शेवटी कार्बोरेटरही खराब करून घेतात.

आता पंप. त्याआधी मेस्त्री लोकांची एक जुनी युक्ती आहे, जिने सगळी वाट मधोमध दुभागता येते. टाकीकडून येणारी नळी पंपावरून काढायची आणि तिच्या जागी स्वच्छ, ताज्या पेट्रोलच्या लहान डब्यातून आणलेली नवी नळी जोडायची. गाडी उभी ठेवून अशी चालवली आणि इंजिन नीट चाललं, तर दोष पंपाच्या मागे, म्हणजे टाकी, झाकण, फिल्टर किंवा नळी यांत आहे. तरीही तेच रडगाणं असेल तर दोष पंपात किंवा त्याच्या पुढे. अर्धी वाट एका फटक्यात निकालात निघते.

पंपाची परीक्षाही सोपी. कॉइलची वायर काढून ठिणगी बंद करायची, कार्बोरेटरकडे जाणारी नळी काढून तिचं तोंड एका डब्यात सोडायचं आणि सेल्फ मारायचा. पेट्रोल ठसक्या-ठसक्याने जोरात पडलं तर पंप ठीक. नुसतं झिरपलं किंवा बुडबुडे आले तर पंप किंवा त्यामागची नळी गेली आहे. या पंपाच्या आत रबराचा पडदा असतो. तो फाटला तर पेट्रोल कधी पंपाच्या छोट्या भोकातून गळतं, कधी खाली इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक काढून वास घ्यायचा. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल, ते पातळ झालं असेल किंवा न घालताही पातळी वाढलेली दिसली, तर गाडी तशीच चालवू नये. पातळ ऑइलने बेअरिंग खराब होतं आणि काही शे रुपयांच्या पंपापायी इंजिन खोलावं लागतं.

कार्बोरेटर उघडल्यावर

पेट्रोल पंपापर्यंत आणि पंपातून पुढे नीट येतं, हे सिद्ध झाल्यावरच कार्बोरेटरला हात लावायचा. त्याच्या आत फ्लोट चेंबर नावाची लहानशी कुंडी असते. संडासाच्या फ्लश टाकीतला गोळा पाणी भरलं की नळ बंद करतो, तसं इथला फ्लोट पेट्रोलची पातळी आली की नीडल व्हॉल्व्ह बंद करतो. त्या नीडलखाली गंजाचा एक कण जरी अडकला तरी व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, पेट्रोल वर येत राहतं आणि मेस्त्री म्हणतात तसा कार्बोरेटर ओव्हरफ्लो होतो. काळा धूर, पेट्रोलचा उग्र वास, गरम असताना सुरू व्हायला त्रास ही त्याची खूण.

पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीचं हे झाकण उघडलं की दृश्य ठरलेलं असतं. पेट्रोल उडून गेलेलं, तळाशी तपकिरी चिकट थर आणि जिथे पाणी साचलं होतं तिथे धातूवर पांढरी, खरखरीत पूड. नखाने खरवडली तर खाली धातूला बारीक खड्डे पडलेले दिसतात. पायलट जेट काढून आभाळाकडे धरला तर त्याच्या आरपार सुईच्या टोकाएवढा उजेड दिसायला हवा. दिसला नाही तर तो बुजला आहे. तो तारेने किंवा सुईने टोकरायचा नाही. पितळ मऊ असतं, भोक किंचितही मोठं झालं तर मिश्रण कायमचं बिघडतं. कार्बोरेटर क्लीनरमध्ये भिजवून हवेच्या झोताने साफ करायचा.

कुठला भाग बिघडला हे गाडीच्या वागण्यावरून आधीच ओळखता येतं. स्लोवर म्हणजे आयडलिंगला गाडी बंद पडते, पण वेगात छान चालते, तर पायलट जेट बुजला आहे, किंवा कार्बोरेटर आणि मॅनिफोल्डमधल्या गॅस्केटमधून हवा आत येते आहे. ज्या कार्बोरेटरवर विजेचा सोलेनॉइड असतो तिथे चावी लावताच त्याचा टिक आवाज येतो का ते ऐकायचं. आवाज नसेल तर जेट साफ करून उपयोग नाही, आधी त्याची वायर आणि फ्यूज पाहायचा. ॲक्सिलरेटर दाबताच गाडी क्षणभर गुदमरते आणि मग उचलते, तर ॲक्सिलरेटर पंपाचा पडदा गेला. सपाटीला ठीक आणि चढावर दम तोडते, तर इंजिनाला जास्त पेट्रोल हवं तेव्हाच ते मिळत नाही. म्हणजे मेन जेट, फिल्टर किंवा पंप. थंड असताना सुरूच होत नाही तर चोक लागत नाही. सुरू होऊन सतत काळा धूर सोडते तर चोक लागून राहिला आहे.

आणि एअर फिल्टर विसरायचा नाही. डिचोलीच्या खाणपट्ट्यात आणि पेडण्याच्या मातीच्या रस्त्यांवर उन्हाळ्यात लाल धुरळा उडतो. तो फिल्टरच्या कागदात गच्च बसला की हवा कमी पडते, पेट्रोलचं प्रमाण वाढतं आणि लक्षणं हुबेहूब बिघडलेल्या कार्बोरेटरची दिसतात. फिल्टर काढून गाडी दोन मिनिटं चालवून पाहिली की कळतं.

उन्हाळा आणि घाट

मार्च ते मे या महिन्यांत जुन्या गाड्यांचं दुखणं बदलतं. चोर्ला किंवा आंबोलीचा घाट चढताना इंजिन तापतं, पंपातलं आणि नळीतलं पेट्रोल उकळून त्याची वाफ होते आणि यांत्रिक पंपाला वाफ ढकलता येत नाही. याला वेपर लॉक म्हणतात. ओम्नीचं इंजिन तर पुढच्या सीटखाली बंदिस्त असतं, त्यामुळे तिथे उष्णता जास्त कोंडते. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनीच्या चालकांना हा त्रास पाठ होता. घाटात गाडी बाजूला घेऊन पंपावर ओलं फडकं टाकायचं, दहा मिनिटं थांबायचं आणि पुढे निघायचं. मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनीची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली, पण ओल्या फडक्याची ती युक्ती आजही निदानाला उपयोगी आहे. फडकं टाकल्यावर गाडी सुरू झाली तर दोष उष्णतेचा. मग नळी गरम मॅनिफोल्डला चिकटली आहे का, उष्णता अडवणारा जाड स्पेसर कोणी काढून टाकला आहे का आणि इंजिनच मुळात जास्त तापतं आहे का, हे पाहायचं.

इंजेक्शनच्या गाडीचे कान-डोळे

एमपीएफआयच्या गाडीत पहिली तपासणी कानाने. चावी ऑन करायची, सेल्फ मारायचा नाही आणि मागच्या सीटजवळ कान द्यायचा. टाकीतला पंप दोन-तीन सेकंद गुणगुणून थांबला पाहिजे. काहीच आवाज नसेल तर आधी फ्यूज, मग रिले, मग पंपाची अर्थिंगची वायर आणि सगळ्यात शेवटी पंप. दमट हवेत अर्थिंगच्या जोडाला हिरवा गंज चढतो आणि चांगला पंप मेल्यासारखा वाटतो. टाकी नेहमी रिझर्व्हवर ठेवणाऱ्यांचा पंप लवकर जातो, कारण पेट्रोलच त्याला थंड ठेवत असतं.

आवाज आहे पण गाडी सुस्त आहे, तर गॅरेजमध्ये प्रेशर गेज लावून घ्यायचा. दाब साधारण २.५ ते ३ बार असतो. नेमका आकडा त्या मॉडेलच्या पुस्तकातून घ्यायचा. दाब कमी आला तर फिल्टर किंवा पंप. इंजिन बंद करताच दाब झपाट्याने उतरला तर पंपाचा चेक व्हॉल्व्ह, रेग्युलेटर किंवा एखादा गळका इंजेक्टर. रोज सकाळी सेल्फ बराच वेळ मारावा लागण्याचं हे नेहमीचं कारण. डॅशबोर्डवरचा चेक इंजिनचा दिवा पेटला असेल तर यंत्र लावून कोड वाचून घ्यावा. एप्रिल २०१० पासूनच्या गाड्यांत ही स्वतःचा दोष नोंदवण्याची सोय नियमानेच आली. पण कोड म्हणजे निदान नव्हे. मिश्रण पातळ असल्याचा कोड आला म्हणून ऑक्सिजन सेन्सर बदलणारे पुष्कळ असतात, आणि खरा दोष चोंदलेल्या फिल्टरचा निघतो.

डिझेलच्या जुन्या जीप, सुमो आणि पिकअप यांची गोष्ट थोडी वेगळी. तिथे मुख्य शत्रू हवा. टाकी कोरडी पडली किंवा नळीचा जोड सैल झाला की गाडी एअर घेते आणि हँड प्राइमरने पंपिंग करून ती हवा काढल्याशिवाय इंजिन पेटत नाही. हवा काढूनही दोन दिवसांनी पुन्हा तेच झालं तर ओढीच्या बाजूचा जोड आणि वॉशर तपासायचे. डिझेल फिल्टरखाली पाणी सोडायचा नळ असतो, तो पावसाळ्यात नियमित उघडला पाहिजे.

जिवाची काळजी

ही सगळी तपासणी उघड्यावर, थंड इंजिनावर करायची. सिगारेट, देवाची समई, मोबाइल चार्जर, उघडा बल्ब यांपैकी काही जवळ नको. नळी काढण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची; सेल्फ मारून करायच्या परीक्षेत ती लावावी लागते, म्हणून तेव्हा सांडलेलं पेट्रोल आधी पुसून वाफ उडून जाऊ द्यायची. वाळूची बादली किंवा अग्निशामक हाताशी ठेवायचा. इंजेक्शनच्या गाडीत नळीत दाब असतो. तो सोडल्याशिवाय जोड उघडला तर पेट्रोल डोळ्यांत उडतं. आणि टाकीतलं पेट्रोल तोंडाने नळी ओढून काढण्याची गावोगावची सवय बंद व्हायलाच हवी. पेट्रोलचा एक घोट श्वासनलिकेत गेला तर फुप्फुसांना गंभीर सूज येते. साध्या हातपंपाच्या नळीने तेच काम होतं.

गाडीत पडून असलेला अहवाल

पंधरा वर्षं पूर्ण झालेल्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करून घ्यावी लागते आणि एप्रिल २०२२ मध्ये मोटारीसाठी त्याचं शुल्क ५,००० रुपये झालं. त्यामुळे जुनी गाडी ठेवायची तर ती तपासणीला उतरेल अशी ठेवणं भाग आहे. यासाठी लागणारा एक अहवाल प्रत्येक मालकाच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात असतो, पण तो कोणी वाचत नाही. तो म्हणजे पीयूसीचा, प्रदूषण तपासणीचा कागद.

त्यावर दोन आकडे असतात. भारत स्टेज दोन या प्रदूषण नियमांच्या आधीच्या पेट्रोलच्या चारचाकीला आयडलिंगवर कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आणि हायड्रोकार्बनची १,५०० पीपीएम आहे. त्यानंतरच्या भारत स्टेज दोन आणि तीनच्या गाड्यांना ०.५ टक्के आणि ७५०. कार्बन मोनॉक्साइड वाढलेला असेल तर मिश्रणात पेट्रोल जास्त आहे: फ्लोट, नीडल, चोक, एअर फिल्टर यांकडे पाहायचं. कार्बन मोनॉक्साइड कमी आणि हायड्रोकार्बन मात्र चढा असेल तर पेट्रोल न जळताच बाहेर पडतं आहे, म्हणजे गाडी मिसिंग करते: प्लग, ठिणगी किंवा मॅनिफोल्डमधून शिरणारी हवा. जुन्या गाडीला हा कागद दर सहा महिन्यांनी नवा काढावा लागतो. जुने कागद फेकून न देता एकामागे एक लावून ठेवले, तर पावसाळ्याआधीचा आणि नंतरचा आकडा शेजारी ठेवून पाहता येतो.

त्याच कागदाच्या मागे चार गोष्टी लिहून ठेवाव्यात: गाडी थंड असताना बंद पडली की गरम असताना, सपाटीला की चढावर, झटके मारत की एकदम, आणि त्याआधी पेट्रोल कुठे व केव्हा भरलं होतं. गॅरेजमध्ये गेल्यावर ‘कार्बोरेटर साफ करा’ असं सांगण्याऐवजी हा कागद मेस्त्रीच्या हाती द्यावा. कुठलं झाकण आधी उघडायचं, हे त्याला तेवढ्यावरून ठरवता येतं.